शेतातली कीड मोबाइलमध्ये कशी टिपायची?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्ते गोळा होण्याआधी मोबाइल बाहेर निघतात. कुणाच्या चवळीवर काय दिसलं, कुणाच्या मक्यात काय. पण निम्मे फोटो इतके धूसर, की पान आहे की पदर तेच कळेना! अशा फोटोवरून कृषी सहायक तरी काय सांगणार? मग दुकानदार देईल ते औषध आणायचं आणि मारायचं.

चवळीवर मावा पडला की त्यात एक काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी अळी फिरताना दिसते. दिसायला ओंगळ, पण ती ढालकिड्याची अळी. मावाच खाते. तिला मारलं तर मावा आपणच पोसला म्हणायचा. मक्यातली लष्करी अळी मात्र खरी शत्रू. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि मग आपल्याकडेही पसरली. मोठ्या अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. ही खूण फोटोत आली, तरच फोटोचा उपयोग.

सकाळी लवकर जा. गारव्यानं किडे सुस्त असतात, वाराही कमी असतो. आधी कॅमेऱ्याची काच सुती पदरानं पुसा. पिठाच्या हाताचा डाग तिथंच बसलेला असतो. फोन किड्याच्या अगदी नाकाशी नेऊ नका. साधारण अर्धी वीत लांब धरा आणि पडद्यावर किड्यावरच बोट टेकवा, म्हणजे तो स्पष्ट होतो. तरी लहान दिसला तर फोटो नंतर कापून मोठा करता येतो. ऊन कडक असेल तर मैत्रिणीला छत्री धरायला सांगा. पान हलतं, म्हणून एका हातानं देठ धरा आणि फोनच्या हाताचं कोपर गुडघ्यावर टेका. केसाळ अळीला बोट लावू नका, खाज सुटते.

चिमटा लावून बसवायचं छोटं भिंगही मिळतं. गटात एक असलं तरी पुरे. ते लावल्यावर मात्र फोन बोटभर अंतरावर न्यावा लागतो.

फोटो तीन काढा: आख्खं झाड, खाल्लेलं पान आणि किडा. किड्याशेजारी काडेपेटीची काडी ठेवली की त्याचा आकार कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की बारकावे पुसले जातात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत पीक आणि पेरणीची तारीख लिहा.