दूरच्या घराला हात: रोख, एकरकमी आणि वेळेवर

‘यूएसएड’ बंद पडल्याचा धुरळा अजून खाली बसलेला नाही. २० जानेवारी २०२५ला अमेरिकेची परदेशी मदत गोठवण्याचा आदेश निघाला आणि १ जुलैला ती संस्था परराष्ट्र खात्यात विरून गेली. आफ्रिकेतल्या दवाखान्यांना टाळं लागल्याच्या बातम्या येत असतानाच एक जुना वादही पुन्हा उसळला. दूरदेशीच्या गरिबाला मदत करून खरंच काही होतं का, की सगळं मधल्यामध्येच जिरतं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केनियातून या प्रश्नाचं एक उत्तर आलं. ज्या कुणाला परमुलखातल्या एखाद्या ओढगस्तीच्या घराला हात द्यावासा वाटतो, त्याने ते नीट समजून घ्यावं असं आहे.

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, सियाया नावाची काउंटी आहे. बराक ओबामांच्या वडिलांचं कोगेलो गाव याच भागातलं. इथल्या १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले. हे वाटप २०१४ ते २०१७ या काळात झालं. पैसे कशावर खर्च करायचे याची अट नव्हती. निकष एकच, घराचं छप्पर गवताचं असावं. रक्कम आठेक महिन्यांत तीन हप्त्यांनी थेट मोबाइलवर, ‘एम-पेसा’ खात्यात जमा झाली. तिथल्या घराच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळजवळ पाऊणपट भरेल एवढी ती होती. प्रयोगात ६५३ गावं होती आणि कुठल्या गावांना पैसे द्यायचे हे सोडतीने ठरलं, म्हणूनच पुढची तुलना चोख करता आली.

एडवर्ड मिगेल, मायकेल वॉकर, डेनिस एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या भागात घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक जन्मांची माहिती गोळा केली. किती मुलं जन्मली, त्यातली किती पहिला वाढदिवस पाहू शकली, हे विचारलं. पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी निघाले. हजार जन्मांमागे सुमारे ४० बाळं दगावत होती, तिथे २१च्या आसपास. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंतली घट ४५ टक्के. या घरांना ना लस दिली होती, ना औषध, ना आरोग्यशिक्षणाचे वर्ग घेतले होते. दिले होते ते फक्त पैसे.

असं का झालं, हा या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि तिथे थांबायला हवं. रक्कम ज्या घरांत बाळंतपणाच्या आगेमागे पोहोचली, तिथे फरक पडला. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने या काळात बायकांचं कष्टाचं काम जवळजवळ निम्म्यावर आलं. ऊसतोडीच्या फडात दिवस भरत आलेल्या बाईला मोळी उचलताना ज्याने पाहिलंय, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विश्रांती ही गरीब घरात विकत घ्यावी लागणारी गोष्ट आहे. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाचं पोट. पैसे आले तेव्हा सियायातल्या बायकांनी आधी विश्रांती घेतली. दुसरं म्हणजे दवाखान्यात होणारी बाळंतपणं ४५ टक्क्यांनी वाढली. जायला गाडीभाडं आणि द्यायला फी हातात होती, म्हणून त्या वेळेत पोहोचल्या. तिसरं, घरात खाणं वाढलं.

आणि एक गोष्ट, जी रोख मदतीचे उत्साही समर्थक हळूच ओलांडून जातात. हा फायदा सगळ्यांत ठळक दिसला तो डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे. जिथे तसा दवाखाना लांब होता, तिथे पैशाचा जीव वाचवण्याइतका उपयोग झाला नाही. नसलेला डॉक्टर हजार डॉलरमध्ये विकत मिळत नाही. म्हणून या अभ्यासाचा हवाला देऊन कुणी ‘आता दवाखान्यांचा निधी बंद केला तरी चालेल’ असं म्हणू लागलं, तर तो या आकड्यांचा उघड दुरुपयोग आहे. पैसे आणि दवाखाना जिथे एकत्र आले, तिथे बाळं जगली.

या सगळ्यामागे ज्या माणसाचा विचार आहे त्याचं भारताशी असलेलं नातं आपल्या वाचकांना रस वाटावा असं आहे. पॉल नीहाउस हा अर्थशास्त्रज्ञ, हार्वर्डमध्ये शिकत असताना भारतातल्या रोजगार हमीवर काम करत होता. आपल्या महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात रुजलेली ती योजना तोवर देशभर गेली होती. संदीप सुकथनकर यांच्यासोबत त्याने ओडिशात, आंध्रच्या सीमेलगत, मजुरांच्या घरी जाऊन विचारलं: हजेरीपटावर तुमच्या नावे इतके दिवस आणि इतकी रक्कम आहे, तुम्हाला प्रत्यक्षात किती मिळाले? मे २००७मध्ये ओडिशा सरकारने रोजची मजुरी ५५ रुपयांवरून ७० केली होती. कागदावर वाढ चोख लागली. मजुरांच्या हातात त्या वाढीतलं जवळजवळ काहीच पडलं नाही. सगळं वरच्या वर गेलं.

हे ज्याने स्वतः मोजलं, त्याला पुढचा प्रश्न सुचणं साहजिक होतं: मधली माणसंच कमी करता येतील का? केनियात २००७च्या मार्चमध्ये सफारीकॉम या कंपनीने ‘एम-पेसा’ सुरू केलं होतं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि गावातल्या दुकानदाराकडून नोटा घ्यायच्या. नीहाउस, मायकेल फे, जेरेमी शपिरो आणि रोहित वांछू या चौघांनी आधी स्वतःची देणगी केनियातल्या घरांपर्यंत कशी पोहोचवावी याचा विचार केला आणि त्यातून ‘गिव्हडायरेक्टली’ उभी राहिली. नीहाउसने इकडचं कामही सोडलं नाही. कार्तिक मुरलीधरन आणि सुकथनकर यांच्याबरोबर त्याने आंध्रात रोजगार हमीच्या मजुरीसाठीच्या स्मार्टकार्डांची चाचणी घेतली. सुमारे १ कोटी ९० लाख लोकवस्तीच्या भागातल्या त्या चाचणीत मजुरी लवकर मिळू लागली आणि गळती घटली. मला या माणसाचं विशेष वाटतं ते यासाठी की त्याने गरिबाच्या शहाणपणावर विश्वास ठेवण्याआधी वाटेवरच्या चोरीचा हिशेब केला होता.

तरी शंका उरतेच, आणि ती आपल्याकडे ‘लाडकी बहीण’च्या निमित्ताने घराघरांत ऐकू आली आहे. फुकटचा पैसा आला की लोक दारूत घालवतील. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले याविषयीचे अभ्यास एकत्र करून तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. काही ठिकाणी तो घटलाच. केनियातल्या घरांनी काय केलं? अनेकांनी आधी छपरावर पत्रे घातले. बाहेरच्याला ही चैन वाटेल. पण दरवर्षी पावसाआधी घर शाकारण्याचा खर्च आणि दगदग ज्यांना ठाऊक आहे, त्या कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला हा हिशेब लगेच पटेल. आणि गावात खर्च झालेला पैसा गावातच फिरला. सियायाच्या याच वाटपावरच्या आधीच्या अभ्यासात दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढल्याचं आढळलं होतं. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं अशा शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, आणि महागाई मात्र नगण्य वाढली.

याउलट आपल्या मनाने ठरवून पाठवलेल्या वस्तूंचं काय होतं, हे महाराष्ट्राला दुसऱ्यांनी सांगण्याची गरज नाही. १९७२मध्ये आपणच दूरदेशीचं ते ओढगस्तीचं घर होतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी त्या पिढीने खाल्ली. तिने जीव तगवले, हे मान्य केलंच पाहिजे. बाजारात धान्यच नसेल तर पैसे काय चावायचे? पण त्या भाकरीची चव अजून आठवणारी माणसं खेड्यापाड्यांत भेटतात आणि त्यांच्या बोलण्यात कृतज्ञतेइतकीच लाचारीची कळ असते. धान्य तुटलं असेल तेव्हा धान्य, एरवी पैसे, हा नियम म्हणून पुरेसा आहे. अमेरिकेतल्या एका बुटांच्या कंपनीने मुलांना फुकट बूट वाटले. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी एल साल्वादोरमध्ये त्याचा परिणाम मोजला. मुलांनी बूट आवडीने घातले, पण त्यांच्या आरोग्यात किंवा शाळेच्या हजेरीत फरक पडला नाही. उलट आपल्या घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात, असं म्हणणारी मुलं थोडी वाढली.

याच वायडिक यांनी ‘एक मूल दत्तक घ्या’ छापाच्या प्रायोजकत्वाचाही अभ्यास केला आहे आणि तिथे निकाल चांगला आहे. सहा देशांत पाहिलेल्या एका कार्यक्रमातली मुलं इतरांपेक्षा एक ते दीड वर्ष जास्त शिकली. तेव्हा या मार्गाला सरसकट मोडीत काढणं बरोबर नाही. माझा आक्षेप निराळा आहे. महिन्याच्या महिन्याला छोटी रक्कम पाठवणं आपल्या पगाराच्या सोयीचं असतं, त्या घराच्या सोयीचं असेलच असं नाही.

केनियात २०१८च्या सुमारास सुरू झालेला दुसरा मोठा प्रयोग यावर प्रकाश टाकतो. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी, नीहाउस आणि इतरांचा हा अभ्यास. बॅनर्जींच्या आई निर्मला या पूर्वाश्रमीच्या पाटणकर, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याला थोडी जास्त आपुलकी. प्रयोगात काही गावांना दोन वर्षं दरमहा सुमारे साडेबावीस डॉलर मिळाले, काहींना तेवढ्याच पैशाचे सुमारे ५०० डॉलर एकदम, आणि काहींना बारा वर्षं दरमहा मिळण्याचं वचन. व्यवसाय उभे करण्यात, उत्पन्न वाढवण्यात एकरकमी गट दोन वर्षांच्या मासिक गटाच्या पुढे गेला. बारा वर्षांचं वचन मिळालेले लोकही मागे राहिले नाहीत. त्यांनी भिशी लावली. दरमहाचे पैसे गटात टाकून पाळीपाळीने मोठी रक्कम उचलली. महिन्याकाठचे पैसे मोठ्या कामाला पुरत नाहीत, हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक होतं.

खोट कुठे आहे तेही सांगितलं पाहिजे. काँगोच्या पूर्व भागात ‘गिव्हडायरेक्टली’च्याच काही कर्मचाऱ्यांनी संगनमत करून सुमारे ९ लाख डॉलर लाटल्याचं २०२३मध्ये संस्थेने जाहीर केलं. फोनच्या सिमकार्डांची नोंदणी ज्यांच्या हातात, त्यांच्या हातात पैसे गेले. मध्यस्थ कमी झाले की चोरी संपते असं नाही, ती जागा बदलते. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे: वाटप संपलं, तसा बाळांच्या जगण्यावरचा परिणामही ओसरला. आणि केवळ ‘माझ्या रुपयात जास्तीत जास्त मुलांचे जीव वाचावेत’ एवढाच हेतू असेल, तर हिवतापाच्या भागात मच्छरदाण्या आणि पावसाळ्यातल्या प्रतिबंधक गोळ्या हाच आजही सर्वांत स्वस्त मार्ग मानला जातो. ‘गिव्हवेल’ या मूल्यमापन संस्थेची पहिली पसंती त्यांनाच आहे.

पण बहुतेक वाचकांचा प्रश्न इतका व्यापक नसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर एक घर असतं: परदेशातल्या नोकरीत सोबत काम केलेल्या सहकाऱ्याचं, मुलीच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीचं, बोटीवरच्या जुन्या खलाशाचं. त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी. भारतातून परदेशी व्यक्तीला भेट म्हणून पैसे पाठवणं कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पॅन लागतो. आर्थिक वर्षात एकूण १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला जात नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मात्र मिळत नाही. बँकेचं शुल्क बहुधा दर व्यवहारामागे ठरलेलं असतं, शिवाय वाटेतल्या बँकाही आपला वाटा कापतात, म्हणून दरमहा पाच हजार पाठवण्यापेक्षा वर्षाचे साठ हजार एकदम पाठवलेले त्या घराला जास्त मिळतात. मधलं शुल्क आपल्याच खात्यातून कापावं असं अर्जात नमूद करता येतं, तसं करा. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो आणि आर्जव यावर विसंबून अनोळखी खात्यात पैसे टाकू नका. आधी बोला, शक्यतो घरातल्या बाईशी बोला, आणि खातं तिच्याच नावावर आहे याची खात्री करा.

काय हवंय ते त्यांना विचारा आणि ते सांगतील ते मान्य करा, मग ते पत्रे असोत, शेळी असो की सावकाराचं कर्ज. त्या घरात कुणी गरोदर असेल तर कितवा महिना आहे ते विचारून घ्या, जवळचा डॉक्टरचा दवाखाना किती लांब आहे तेही विचारा, आणि सातवा महिना लागायच्या आत पूर्ण रक्कम तिच्या हातात पडेल असं पाहा.