कुंपणाची तार आणि तिचा ताण

शेताला कुंपण घालण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांची वई, निवडुंगाची किंवा घायपाताची रांग, कोकणातील दगडी गडगा असे तिचे अनेक प्रकार आजही दृष्टीस पडतात. तारेचे कुंपण त्या मानाने अलीकडचे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने काटेरी तारेच्या सुधारित नमुन्याचे पेटंट १८७४ साली मिळविले आणि ही तार जगभर पसरली. तिच्यात दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. या पिळामुळे काटे जागच्या जागी राहतात. शिवाय उन्हाने तार लांबली किंवा थंडीने आखडली, तर पीळ तिला थोडी सूट देतो. काट्यांकडे सर्वांचे लक्ष जाते, पिळाच्या या दुसऱ्या कामाकडे सहसा जात नाही.

रानडुकरे आणि रोही यांच्या उपद्रवामुळे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी तारेच्या कुंपणाकडे वळला आहे. शाळेचे आवार, रोपवाटिका, गायरान यांसाठी ग्रामपंचायतीही असे कुंपण घालतात. कामाच्या अंदाजपत्रकात खांबांची संख्या असते, तारेचे वजन असते, खड्ड्यांचे माप असते. तार किती ताणावी याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. देयक मंजूर होताना खांब मोजले जातात, वेटोळी मोजली जातात. पुढे दोन पावसाळे उलटले की तार झोळीसारखी लोंबू लागते, गुरे तिच्यातून मान घालतात आणि झालेला खर्च वाया जातो. अशा वेळी आणखी एक तार वाढवावी, असे सुचविले जाते. दोष बहुधा तारांच्या संख्येत नसतो. तो कोपऱ्यावरच्या खांबात असतो, आणि जादा तारेने त्या खांबावरील भार मात्र वाढतो.

कोपऱ्याचा खांब

काटेरी तारेला साधारणपणे शंभर किलो वजनाइतका ताण दिला जातो. पाच तारा असतील तर शेवटच्या खांबावर पाचशे किलोंची ओढ पडते. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी ओढ असते. कोपरा काटकोनाचा असेल तर ती एकत्रित होऊन सुमारे सातशे किलोंचा जोर खांबाला शेताच्या आतल्या दिशेने अहोरात्र खेचत असतो. मधल्या खांबांवर असा भार जवळजवळ नसतो. तार योग्य उंचीवर धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम. असे असूनही कोपऱ्याला आणि मध्ये एकाच मापाचे खांब एकाच खोलीवर पुरलेले अनेक ठिकाणी दिसतात.

कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू अनिवार्य होय. तो तारेच्या बाजूस, तारेच्या रेषेतच असावा, म्हणजे कोपऱ्यावर दोन टेकू हवेत. बाहेरच्या बाजूस लावलेला टेकू ओढीला कोणताच अडथळा करीत नाही. टेकूचा पाय खांबापासून पुरेसा दूर, दगडावर किंवा काँक्रीटवर टेकवावा. पाय जवळ घेतल्यास टेकू उभट होतो आणि तार ओढताच खांब जमिनीतून वर उपसला जाऊ लागतो. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या मानकांत कोपऱ्याच्या खांबाबरोबरच सरळ रेषेतील दर पंधराव्या खांबालाही दोन्ही बाजूंनी टेकू देण्याची तरतूद आहे. काटकसरीच्या नावाखाली हेच टेकू प्रथम वगळले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

काळ्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खोदलेली मातीच पुन्हा खड्ड्यात लोटली, तर वर्षभरात खांब कलतो. अशा जमिनीत खड्डा अधिक खोल घ्यावा व मुरूम थराथराने टाकून पहारीने ठोकून बसवावा. कोपऱ्याच्या खांबाला काँक्रीट घातले असेल, तर ते पुरते मुरेपर्यंत तार ओढण्याची घाई करू नये.

तार ओढताना

प्रथम दोरी लावून रेषा सरळ करावी. तार सरळ रेषेतच नीट ताणली जाते. वळणावरचा प्रत्येक खांब आत खेचला जातो. जमीन उंचसखल असेल तर चढावरचा खांब तारेने खाली दाबला जातो आणि घळीतला वर उचलला जातो, म्हणून घळीतील खांब अधिक खोल पुरावा लागतो. ओढण्यासाठी साखळीची कप्पी किंवा ताणाचा बोल्ट वापरणे उत्तम. काही गावांत पहारीला तार गुंडाळून ओढतात. त्यात ताणाचा अंदाज येत नाही. ट्रॅक्टरला बांधून तार ओढणे तर सर्वस्वी टाळावे. ताणलेली काटेरी तार तुटली की चाबकासारखी मागे येते. ओढणाऱ्याने जाड हातमोजे घालावेत आणि इतर कोणासही तारेच्या रेषेत उभे राहू देऊ नये.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे तार एकेका खांबाला आवळून बांधत पुढे जाणे. मग टोकाला कितीही जोर लावला तरी तो पहिल्या काही खांबांपलीकडे पोहोचत नाही. तार आधी पूर्ण लांबीत ताणावी, मगच मधल्या खांबांना बांधावी. तसेच एक तार पुरती ताणून दुसरीकडे वळू नये. शेवटची तार ओढताना खांब किंचित झुकतो आणि पहिली सैल पडते. म्हणून सर्व तारा आधी थोड्या आणि नंतर पुन्हा क्रमाने पूर्ण ताणाव्यात.

ताण पुरेसा झाला की नाही, हे यंत्रावाचूनही पाहता येते. शंभर मीटर काटेरी तारेचे वजन सुमारे साडेनऊ किलो भरते, असे धरू. बांधण्यापूर्वी ती तीस मीटर अंतरावर दोनच ठिकाणी टेकलेली ठेवली, तर शंभर किलोंच्या ताणात मध्यभागी तिचा झोळ साधारण साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत येतो. झोळ वीतभर दिसला, तर ताण निम्माच आहे असे समजावे. कामावर देखरेख करणाऱ्या सदस्यास एवढी कसोटी सहज लावता येईल.

ऋतूचाही विचार हवा. पोलादी तार दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांश बारा भाग वाढते. पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर शंभर मीटर तार जवळजवळ पाच सेंटिमीटर लांबते. हा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटतो. पण पीळ आणि खांब यांनी काहीच सूट दिली नाही, तर हिवाळ्यातला शंभर किलोंचा ताण मे महिन्यात जवळपास नाहीसा होईल. उलट, भर उन्हात तुटेपर्यंत ओढलेली तार थंडीत कोपरा उखडते. म्हणून मध्यम तापमानाची वेळ निवडणे इष्ट, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ताण पुन्हा तपासणे आवश्यक.

सौर कुंपणाच्या साध्या तारांनाही हेच लागू आहे. राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणास साहाय्य दिले गेले आहे. त्यातील यंत्र क्षणिक झटके सोडते. परंतु तार सैल पडून गवताला टेकली की झटका जमिनीत निघून जातो आणि जनावर निर्धास्तपणे आत शिरते. कुंपण निकामी ठरल्यावर काही जण तारेत थेट विजेच्या खांबावरून प्रवाह सोडतात. हा गुन्हा आहे, आणि त्यात वन्यप्राण्यांबरोबर माणसांचेही, कित्येकदा त्याच घरातल्यांचे, बळी गेले आहेत. असा प्रकार कोठे आढळल्यास ग्रामपंचायतीने तो शेजारधर्म म्हणून झाकू नये.

काम संपल्यावर तारेचे कापलेले तुकडे आणि सुटे काटे त्याच दिवशी वेचून घ्यावेत. बांधावरील गवताबरोबर ते गाई-बैलांच्या पोटात जातात, पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात रुततात आणि तेथून हृदयापर्यंतही पोहोचतात. कंत्राटदाराकडून काम ताब्यात घेताना बांधावरून एक फेरी यासाठीही मारावी.