दोन्ही बाजूंचा हर्निया, कागदावर मात्र एकाच बाजूचा!

जांघेत दोन्ही बाजूंना हर्निया, शस्त्रक्रियाही दोन्ही बाजूंची आणि जाळीही दोन्हीकडे बसवलेली. डिस्चार्ज कार्डावर मात्र निदान एवढेच : ‘इंग्वायनल हर्निया’. बाजूचा उल्लेखच नाही. रुग्णाला यात काही खटकत नाही. अडचण येते ती विम्याचे कागद पुढे गेल्यावर.

प्रत्येक आजाराला ठरावीक संकेतांक देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आयसीडी’ हे वर्गीकरण वापरतात. त्याची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली असली, तरी अनेक ठिकाणी काम अजून दहाव्या आवृत्तीवरच चालते. त्यात जांघेतल्या हर्नियाचा गट आहे ‘के ४०’. दोन्ही बाजूंना साधा हर्निया असेल, तर के ४०.२. आतडे अडकले असेल, तर के ४०.०. रक्तपुरवठा थांबून गँगरीन झाले असेल, तर के ४०.१. अडकणे आणि गँगरीन दोन्ही असल्यास गँगरीनचाच संकेतांक द्यायचा असतो.

एका बाजूच्या साध्या हर्नियाला के ४०.९ मिळतो. मेख इथेच आहे. बाजू लिहिलेली नसेल, तर तो हर्नियाही याच के ४०.९ मध्ये जातो. कोडिंग करणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो. शंका आली तर डॉक्टरांनाच विचारायचे असते. ते राहून गेले, की निदान एका बाजूचे आणि बिल दोन्ही बाजूंचे असे चित्र दिसते. मग विमा कंपनी खुलासा मागते आणि दावा रेंगाळू शकतो.

के ४०.९ मधून उजवी की डावी हेही कळत नाही. यंदा उजवीकडची आणि दोन वर्षांनी डावीकडची शस्त्रक्रिया झाली, तर दोन्ही वेळा संकेतांक तोच. तोच हर्निया पुन्हा झाला, असा गैरसमज त्यातून होऊ शकतो.

दोन्हीकडचे हर्निया वेगळ्या प्रकारचे असतील तर? उजवीकडे इंग्वायनल आणि डावीकडे मांडीच्या वरच्या भागातला फीमोरल हर्निया असेल, तर के ४०.२ चालत नाही. के ४०.९ आणि के ४१.९ असे दोन संकेतांक द्यावे लागतात.

म्हणून घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड एकदा वाचावे. हर्नियाचा प्रकार, बाजू, आतडे अडकले होते का आणि हर्निया पहिल्यांदाच झाला की पुन्हा, या चार गोष्टी त्यावर हव्यात. नसतील तर डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्याव्यात. नंतरच्या हेलपाट्यांपेक्षा हे सोपे.