अंगणातलं कासव आणि बदनाम भेक

शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास पक्षी, मासे आणि पिंजरे विकणारी दुकानं आहेत. बेंगळुरूत घरी काही पाळायचं ठरलं की पावलं आपोआप तिकडे वळतात. कासव पाळणाऱ्यांची पावसाळ्यातली तक्रारही ठरलेली असते: रात्री कुंपणात खरखरीत पाठीचे भेक शिरतात, ते कासवाला मारतील का?

पण भेकाआधी कासवाचीच चौकशी करायला हवी. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर ते स्टार कासव. ‘आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे, त्यामुळे चालतं’ हे नेहमी ऐकू येतं. चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत गेलं आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. साइट्स करारानंही २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळपास पूर्ण बंदी घातली. हा कडकपणा उगीच नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या एकाच ठिकाणाहून वर्षभरात किमान ५५ हजार स्टार कासवं उचलली गेली होती. सिंगापूरमध्ये सापडलेली ५१ स्टार कासवं नोव्हेंबर २०१८ मध्ये विमानानं बेंगळुरूला परत आणली, ती याच धंद्यातली. तुमच्या अंगणात असं कासव असेल तर प्रश्न भेकाचा नाहीच. वनखात्याला कळवायचं आणि ते त्यांच्या ताब्यात द्यायचं. एखाद्या उद्यानात नेऊन सोडणं हा उपाय नव्हे.

आफ्रिकेतलं सुल्काटा किंवा दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव पाळता येतं, मात्र २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करून. दुकानात मुठीत मावणारं सुल्काटा पुढे चाळीस किलोंच्याही वर जातं, हे विकताना फारसं कुणी सांगत नाही.

आता भेक. आपल्याकडच्या साध्या भेकाला दातच नसतात. तोंडात मावेल ते तो अख्खं गिळतो. वाळवी, मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी हा त्याचा खुराक. वाढलेलं कासव त्याच्या हिशेबातच नसतं. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं मी तरी रात्री उघड्यावर ठेवणार नाही, पण ते उंदीर, घुशी, मांजरं आणि पहाटेचे कावळे यांच्या भीतीनं.

‘भेक शिवला तरी विष चढतं’ ही दुसरी समजूत. विष खरंच असतं. डोळ्यांमागे घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन फुगीर ग्रंथी दिसतात, त्या दाबल्या किंवा चावल्या गेल्या की पांढरट चिकट द्रव बाहेर येतो. त्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, म्हणून भेक चावणारा कुत्रा तोंडाला फेस येऊन तडफडतो. पण हे विष तोंडातून पोटात गेलं, डोळ्यात किंवा जखमेत शिरलं तर बाधतं. भेक कवचावरून चालत गेला म्हणून काही होत नाही. सुल्काटा पाला-गवत खाणारं, ते भेकाच्या वाटेला जात नाही. लाल पायांचं कासव मात्र मेलेलं काहीही चाखून पाहतं, त्यामुळे तिथे मेलेला भेक दिसला की लगेच उचलायचा. कासवानं तोंड लावलंच असेल तर तोंड पुढे झुकवून पाण्यानं धुवायचं आणि सरळ पशुवैद्य गाठायचा. आणि चामखीळ? ती माणसाच्याच एका विषाणूमुळे येते, भेकाचा त्यात काही हात नाही.

ज्याकडे दुर्लक्ष होतं ती जागा म्हणजे पाण्याचं ताट. भेक रात्रभर त्यात बसतो, घाण करतो, आणि सकाळी कासव तेच पाणी पितं. बेडूकवर्ग आणि कासवं दोघांच्याही अंगावर साल्मोनेला असू शकतो. रानाव्हायरस नावाचा विषाणू तर दोघांनाही होतो. अमेरिकेत जॉर्जियात आपल्या स्टार कासवाच्या जवळच्या नात्यातलं ब्रह्मदेशी स्टार कासव त्यानं आजारी पडल्याची नोंद आहे. तेव्हा संध्याकाळी ताट उपडं करायचं, सकाळी घासून ताजं पाणी भरायचं, आणि आपले हात साबणानं धुवायचे. साचलेल्या टबात भेक माळेसारखी अंडी घालतो. अंड्यांत आणि पिल्लांतही विष असतं.

मीठ आणि फिनेल शिंपडण्याचा सल्ला देणारे शेजारीही असतात. जमिनीलगत चालणाऱ्या आणि तिथलंच गवत खाणाऱ्या कासवाला त्याचा त्रास भेकाआधी होईल. त्यापेक्षा कुंपणाजवळचा दिवा बंद करा: दिव्याला किडे येतात, किड्यांमागे भेक. कोंबड्यांच्या जाळीतून छोटे भेक सहज आत शिरतात, म्हणून अर्ध्या इंचाहून बारीक भोकांची जाळी घ्या, वीतभर जमिनीत पुरा, वर गुडघाभर ठेवा. भेक फार उंच उडी मारत नाही. विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या हलवा. राहिला बेंगळुरूचा गारवा: पावसाळ्यातल्या ओल्या, थंड रात्रीनं कासवाचं नाक वाहायला लागतं, श्वास घरघरतो. भेकाचा बंदोबस्त करून झाला तरी कोरड्या फळीची, छपराची पेटी रात्रीसाठी लागतेच.