ट्रक कोणाचा, हात कोणाचा?

झोजीला घाट ११,५७५ फुटांवर आहे. सीमा रस्ते संघटना अलीकडे तो पूर्वीपेक्षा बराच लवकर मोकळा करते. तरीही लडाखमधील जवानांच्या हिवाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच वर पोहोचवावी लागते. २०२० च्या गलवान संघर्षानंतर तेथील फौज वाढली, तशी बेगमीही वाढली. तांदूळ, डाळ, रॉकेल, तंबूचे सामान हे सारे वाहून नेण्यास लष्कराच्या स्वतःच्या गाड्या पुरत नाहीत. त्यामुळे आर्मी सर्व्हिस कोअर खासगी ट्रक भाड्याने घेते.

निविदा एका कंत्राटदाराच्या नावे निघते. ट्रक मात्र अनेकांचे असतात, कारण आपल्याकडील मालवाहतूक मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. गाडी कमी पडली की दलालाला फोन जातो. कंत्राटदाराची कागदपत्रे काटेकोर तपासली, तरी स्टिअरिंगवरचा माणूस तिसऱ्या हातचा असू शकतो. क्लीनर तर वाटेतल्या ढाब्यावरही बदलतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात स्फोटकांनी भरलेली मोटार केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आदळली आणि ४० जवान हुतात्मा झाले. त्यानंतर ताफ्यांपासून नागरी वाहने दूर ठेवण्यावर भर आला, हे योग्यच. परंतु भाड्याचा ट्रक दूर ठेवता येत नाही. तो डेपोच्या फाटकातून आत जातो. शिवाय स्फोट हीच एक भीती नाही. कोणत्या ठाण्याला किती रॉकेल गेले, हे चलनावरून कळले की तेथील सैन्यबळाचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी चालकाला कोणतेही गुपित ठाऊक असावे लागत नाही.

बिहारच्या चारा घोटाळ्यात मालवाहू म्हणून दाखवलेल्या गाड्यांचे क्रमांक स्कूटरचे निघाले होते. आज 'वाहन' पोर्टलवर ही लबाडी काही मिनिटांत उघडी पडते. मात्र गाडी खरी आहे एवढेच पोर्टल सांगते. तिचा मालक कोणाच्या दबावाखाली आहे, हे सांगत नाही.

अफगाणिस्तानात अमेरिकेने हीच चूक महागात अनुभवली. रसदवाहतुकीचे २.१६ अब्ज डॉलरचे कंत्राट तिने काही कंपन्यांना दिले. या कंपन्या रस्ता सुरक्षित राहावा म्हणून स्थानिक टोळीप्रमुखांना पैसे देत होत्या आणि लष्कर मुख्य कंत्राटदारापलीकडे पाहत नव्हते, असे अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने जून २०१० च्या अहवालात नोंदवले.

आपल्याकडे तपासणी कडक करा, हे सांगणे सोपे आहे. माल भरलेला आहे, घाट उघडा आहे आणि चालकाच्या गावच्या पोलीस ठाण्यातून पडताळणीचा कागद यायचा आहे, अशा वेळी नियम वाकतोच. म्हणून चालक व क्लीनर यांची नोंदणी हंगामाआधी, हिवाळ्यात, लष्कराच्याच खर्चाने व्हावी आणि ती काही वर्षे वैध राहावी. पडताळणीत अडकलेल्या दिवसांची मजुरी आज चालकाच्याच पदरची जाते, आणि त्याच्या जागी बिननोंदणीचा माणूस बसवण्याचा मोह कंत्राटदाराला तेथेच होतो.