महागाईत सरकारी कूपन: आधार खरा, पण किती?

महागाई वाढली की सरकारकडे मार्ग मोजकेच असतात. वस्तू स्वस्तात द्यायच्या, कर कमी करायचा, लोकांच्या खात्यात पैसे टाकायचे, नाहीतर ठरावीक दुकानांत चालणारं खरेदीचं कूपन द्यायचं. आज या शेवटच्या मार्गाबद्दल बोलू. कूपनामुळे घरखर्चाला खरंच हातभार लागतो का? लागत असेल तर कोणाला आणि किती दिवस?

उदाहरण घेऊ सिंगापूरचं. कारण तिथे ही योजना जवळजवळ प्रत्येक नागरिक कुटुंबापर्यंत पोचली आहे आणि तिचे आकडे साधे आहेत.

योजना काय आहे?

सिंगापुरात कम्युनिटी डेव्हलपमेंट कौन्सिल, म्हणजे सीडीसी, नावाच्या स्थानिक संस्था आहेत. २०२० मध्ये कोविडच्या काळात त्यांच्यामार्फत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कूपनं दिली गेली. २०२१ च्या डिसेंबरपासून ती सगळ्याच सिंगापुरी कुटुंबांना मिळू लागली, सुरुवातीला १०० डॉलरची (इथे डॉलर म्हणजे सिंगापूर डॉलर). मग रक्कम वाढत गेली. जानेवारी २०२३ मध्ये ३०० डॉलर, जानेवारी २०२४ मध्ये ५०० आणि त्याच वर्षी जूनमध्ये आणखी ३००. अशी कुटुंबं साधारण १३ लाख.

घरातल्या एकाने सरकारी लॉगिन वापरून कूपनं घ्यायची. मोबाइलवर एक लिंक येते, ती घरातल्या बाकीच्यांना पाठवता येते. दुकानात क्यूआर कोड दाखवला की काम झालं. २०२३ पासून निम्मी रक्कम सुपरमार्केटसाठी आणि निम्मी वस्तीतली छोटी दुकानं आणि हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांसाठी अशी विभागणी आहे. दारू, सिगारेट, लॉटरी यांवर कूपन चालत नाही. आणि त्याला मुदत असते.

म्हणजे सरकारला एका दगडात दोन पक्षी मारायचे आहेत: घरखर्चाला मदत आणि छोट्या दुकानदारांना गिऱ्हाईक. हे दोन हेतू लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कूपन म्हणजे पैसेच की काही वेगळं?

हा प्रश्न बराच जुना आहे. १९४५ मध्ये हर्मन साउथवर्थ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्यावर एक साधा युक्तिवाद मांडला. समजा, तुमचं घर महिन्याला ६०० डॉलरचा किराणा भरतं. सरकारने १०० डॉलरचं किराण्याचं कूपन दिलं. तुम्ही काय कराल? पहिले १०० कूपनाने द्याल, उरलेले ५०० खिशातून. खिशातले १०० वाचले, ते हवे तिथे वापरा. म्हणजे कूपनावर ‘फक्त किराणा’ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ती रोख रक्कमच झाली. कूपनाचं बंधन खरं जाणवतं ते फक्त त्याला, ज्याचा किराण्याचा खर्च मुळातच कूपनाच्या रकमेपेक्षा कमी आहे.

कागदावर हे पटतं. पण माणसं नेहमी अशी वागत नाहीत. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी अन्नमदतीचा अभ्यास छापला. एका किराणा साखळीच्या बिलांच्या नोंदींवरून त्यांना दिसलं, की अन्नासाठीच्या मदतीतल्या १०० डॉलरमागे अन्नावरचा खर्च ५० ते ६० डॉलरने वाढतो. तेवढेच पैसे रोख आले तर वाढ १० डॉलरपेक्षा जास्त नसते. आपल्याकडे डब्यात वेगवेगळे पैसे ठेवतात ना, दुधाचे, बिलाचे, सणाचे? तसंच. पैशावर नाव लिहिलं की माणूस ते नाव पाळतो.

मंदीतलं कूपन आणि महागाईतलं कूपन

कूपनांवरचं बरंचसं संशोधन महागाईबद्दल नाही, मंदीबद्दल आहे. १९९९ मध्ये जपानने १५ वर्षांपर्यंतच्या मुलांमागे २०,००० येनची कूपनं वाटली. काही ज्येष्ठ नागरिकांनाही ती मिळाली. हेतू हा, की लोकांनी खर्च करावा आणि बाजार हलावा. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं, की कपडे, बूट अशा वस्तूंवरचा खर्च थोडा वाढला, रोजच्या सामानावरचा जवळपास वाढलाच नाही. तैवानने २००९ मध्ये दरडोई ३,६०० तैवानी डॉलरची कूपनं दिली. तिथेही अभ्यासकांना नवा खर्च कूपनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढाच आढळला. बाकी लोकांनी जे घेणार होते तेच कूपनावर घेतलं आणि स्वतःचे पैसे बाजूला ठेवले.

यावरून ‘कूपनं फसली’ असा निष्कर्ष काढला जातो. पण थांबा. बाजार हलवणं हा हेतू असेल तर हा निकाल खरंच वाईट आहे. महागाईत हेतू उलटा असतो. तिथे लोकांनी जास्त खरेदी करावी असं आपल्याला नकोच आहे. तोच तांदूळ, तेच तेल घ्यावं आणि खिशातले वाचलेले पैसे वीजबिलाला, औषधाला, शाळेच्या खर्चाला जावेत, एवढंच हवं आहे. म्हणजे मंदीत जे कूपन नापास ठरतं, तेच महागाईत पास होऊ शकतं. कुठलाही अहवाल वाचताना आधी बघा, परीक्षा कुठल्या विषयाची होती.

आता हिशोब करू

सिंगापुरात घरभाडं आणि खाजगी वाहनं वगळून मोजलेली महागाई २०२२ मध्ये ४.१ टक्के होती, २०२३ मध्ये ४.२ टक्के. दोन्ही वर्षांची वाढ एकावर एक धरली तर भाव साधारण ८.५ टक्के चढले.

एक काल्पनिक घर घ्या. खाणं आणि किराणा मिळून महिन्याला १,५०० डॉलर खर्च. दोन वर्षांनी त्याच सामानाला सुमारे १२७ डॉलर जास्त लागतात, म्हणजे वर्षाला साधारण १,५२५. २०२४ मध्ये मिळालेली कूपनं ८००. म्हणजे वाढीव खर्चातला निम्म्याहून थोडा जास्त भाग निघाला.

दुसरं घर महिन्याला ६०० डॉलर खर्च करतं. त्याचा वाढीव खर्च वर्षाला ६१० च्या आसपास. कूपन तेवढंच, ८००. म्हणजे या घराची वाढ पूर्ण भरून निघाली, वर पैसे उरले.

इथे मुद्दा येतो. कूपन ‘दर कुटुंब’ मिळतं, ‘दर माणशी’ नाही. दोघांच्या घरात माणशी ४०० डॉलर येतात, सात जणांच्या घरात माणशी ११४. कमी खर्चाचं ते छोटं घर एकट्या राहणाऱ्या आजींचं असू शकतं, तसंच भरपूर पगार घेणाऱ्या जोडप्याचंही. सगळ्यांना सारखं देण्यात सोय आहे: अर्ज नाही, दाखले नाहीत, कोणी सुटत नाही, मदत घेताना कमीपणाही वाटत नाही. पण ज्या घरात खाणारी तोंडं जास्त, तिथे आधार कमी पडतो.

हे सिंगापूर सरकारला माहीत नाही असं नाही. म्हणून तिथे दुसरी योजनाही आहे, जीएसटी व्हाउचर. नाव व्हाउचर, पण त्यातला एक मोठा भाग थेट रोख रक्कम असतो. उत्पन्न आणि घराचं मूल्य बघून २०२४ मध्ये पात्र व्यक्तींना ४५० किंवा ८५० डॉलर मिळाले. सगळ्यांसाठी कूपन, गरजूंसाठी रोख, असे दोन थर आहेत. त्यामुळे एकट्या कूपनावर सगळ्या व्यवस्थेचा निकाल लावणं बरोबर नाही.

एका हाताने देणं, दुसऱ्या हाताने घेणं?

याच काळात सिंगापुरात जीएसटी वाढला: १ जानेवारी २०२३ ला ७ वरून ८ टक्के, १ जानेवारी २०२४ ला ९ टक्के. तिथे किराणा सामानावरही हा कर लागतो. मग कूपन म्हणजे आपलेच पैसे परत का?

ढोबळ हिशोब करा. कर दोन टक्क्यांनी वाढला. दोन टक्के म्हणजे ८०० डॉलर व्हायला करपात्र खर्च वर्षाला ४०,००० डॉलर हवा, महिन्याला सुमारे ३,३३०. ज्याचा खर्च यापेक्षा कमी, त्याला त्या वर्षी कूपनातून मिळालेलं वाढीव करापेक्षा जास्त. ज्याचा खर्च जास्त, त्याने दिलेलं जास्त. गरीब घराच्या दृष्टीने सौदा वाईट नाही.

पण दोन गोष्टी यात लपल्या आहेत. एक, कर कायमचा आहे, कूपनं दर अर्थसंकल्पात नव्याने जाहीर होतात. दोन, कर सगळेच भरतात, पण कूपनासाठी घरात किमान एक सिंगापुरी नागरिक लागतो. वर्क पासवर गेलेले बांधकाम मजूर, तसंच नोकरीसाठी तिथे राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं यात बसत नाहीत.

खरी अडचण: एकदा आणि कायम

महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं नसतं. ते फक्त सावकाश चढू लागतात. चढलेले भाव तिथेच राहतात. आपल्या पहिल्या घराला ते १२७ डॉलर दर महिन्याला लागणार आहेत, यंदा, पुढच्या वर्षी आणि त्यानंतरही. कूपन मात्र त्या-त्या वर्षापुरतं. ज्या घराचा पगार मधल्या काळात वाढतो, त्याला कूपन पुरतं: पगार भावांना गाठेपर्यंतचे दिवस निघून जातात. ज्याचा पगार वाढत नाही, किंवा ज्याला पगारच नाही, त्याची तूट पुढच्या जानेवारीत पुन्हा दारात उभी.

म्हणून माझं उत्तर असं: कूपन हे महागाईवरचं औषध नाही, ती मधल्या काळासाठीची कुबडी आहे. कुबडी वाईट नसते. पण पाय बरा होतोय की नाही, हे वेगळं बघावं लागतं.

आपल्याकडच्या योजनांनाही हीच फूटपट्टी लावता येते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात ‘आनंदाचा शिधा’ आला: १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. ही वस्तूरूप मदत, सणापुरती. भाव कितीही चढले तरी किलोभर डाळ किलोभरच मिळते, हा तिचा फायदा, पण निवड तुमची नाही. ‘लाडकी बहीण’चे महिन्याला १,५०० रुपये ही रोख मदत. दर महिन्याला येते, निवड तुमची, पण भाव वाढले तर त्या १,५०० मध्ये सामान कमी येतं. कूपन या दोन्हींच्या मधलं: निवड थोडी, आणि रकमेची झीज रोख पैशासारखीच.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही सरकारने अशी मदत जाहीर केली, की आकडा किती मोठा आहे याआधी चार प्रश्न विचारा. एकदाच मिळणार की दरवर्षी? दर घर की दर माणशी? भाव वाढले तर रक्कम वाढणार का? आणि जो कर भरतो पण यादीत नाही, असा कोण आहे? या चार उत्तरांत जेवढं कळतं, तेवढं जाहिरातीतल्या रकमेवरून कळत नाही.