पाण्याखालच्या ‘टिकटिकी’तून वाकिटाची मोजदाद

समुद्रातील एखाद्या प्राण्याची संख्या किती, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण तो प्राणी श्वास घेण्यापुरताच वर येत असेल, बोटीची चाहूल लागताच दूर जात असेल आणि उरलेच मोजके असतील, तर दुर्बिणीतून मोजणार तरी काय? मेक्सिकोतील ‘वाकिटा’च्या बाबतीत शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच होता. तो सोडवला ध्वनीने.

वाकिटा हा डॉल्फिनशी नाते सांगणाऱ्या पॉरपॉइज कुळातील सस्तन प्राणी. त्याची लांबी जेमतेम दीड मीटर. जगात तो केवळ कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात आढळतो. १९९७च्या पाहणीत त्याची संख्या अंदाजे ५६७ होती. २००८मध्ये ती २४५वर आली. मात्र डोळ्यांनी केलेल्या पाहणीत चूकभूल एवढी मोठी असते, की दरवर्षीची घट तीतून कळत नाही.

कसे ऐकतात?

गढूळ पाण्यात भक्ष्य शोधण्यासाठी वाकिटा सतत ‘क्लिक’ असा सूक्ष्म ध्वनी सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घेतो. या ध्वनीची कंप्रता १३० किलोहर्ट्झच्या आसपास असते. मानवी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ. एवढा उच्च ध्वनी पाण्यात लवकर विरतो, काहीशे मीटरपलीकडे तो पोहोचत नाही. म्हणूनच एका यंत्राने भागत नाही. २०११पासून वाकिटाच्या संरक्षित क्षेत्रात ४६ ठिकाणी ध्वनिशोधक बसवण्यात आले. ही यंत्रे संपूर्ण आवाज साठवत नाहीत. प्रत्येक क्लिकची वेळ, कंप्रता आणि कालावधी तेवढा नोंदवतात. त्यामुळे ती महिनोन्‌महिने पाण्यात राहू शकतात.

क्लिकच्या संख्येवरून प्राण्यांची संख्या थेट निघत नाही, कारण एकच वाकिटा हजारो क्लिक करतो. पण त्याच जागी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे ऐकत राहिल्यास चढउतार स्पष्ट होतो. २०११ ते २०१५ या काळात ही घट वर्षाला सरासरी ३४ टक्के निघाली. २०१६च्या अखेरीस सुमारे ३० वाकिटा उरल्याचा निष्कर्ष याच नोंदींतून निघाला.

जाळ्यांचा फास

या घटीमागे रोगराई किंवा प्रदूषण नव्हते. त्याच पाण्यातील तोतोआबा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड किंमत मिळते. पालघरचे मच्छीमार घोळ माशाच्या ज्या पिशवीला ‘बोत’ म्हणतात, तोच हा अवयव. तोतोआबासाठी चोरून लावलेल्या गिलनेटमध्ये वाकिटा अडकतो आणि श्वास कोंडून मरतो.

मेक्सिको सरकारने २०१५मध्ये गिलनेटवर दोन वर्षांची बंदी घातली आणि २०१७मध्ये ती कायम केली. पण चोरटी मासेमारी थांबली नाही. २०१७मध्ये वाकिटा पकडून सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न एका मादीच्या मृत्यूनंतर सोडून द्यावा लागला. २०२२मध्ये नौदलाने जाळी अडकावीत म्हणून समुद्रतळाशी काँक्रीटचे ठोकळे टाकले. २०२४च्या पाहणीत ६ ते ८ वाकिटा दिसल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. अशा पाहण्यांत आता आधी ध्वनियंत्रांचा कौल घेतात आणि मग बोटी तिकडे वळवतात.

आशा मात्र संपलेली नाही. २०२२मधील जनुकीय अभ्यासानुसार जवळच्या नात्यातील प्रजननाचा धोका या जातीला तुलनेने कमी आहे; गिलनेट हटली, तर ती सावरू शकते. वाकिटा कोठे आहेत, हे ध्वनियंत्रे सांगतात. त्या पाण्यातून जाळी काढणे हे काम मात्र माणसांचेच आहे.